कोरा, धुरकट, आभाळ, दौत

कामाला बसण्याआधी इंदूताई पदराची सेफ्टी पिन काढायच्या आणि खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवायच्या. मग मनगटावरचं घड्याळ. मग कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा. सगळं खिडकीत. त्यानंतर हात तीन पाण्यांनी धुवायचे आणि तिसरं पाणी झटकून न टाकता तसंच वाळू द्यायचं. हे सगळं होईपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. पडद्यावर पिन दिसली की ओळखायचं, बाई कामात आहेत.

ती पिन मला आवडत नसे. आता हे लिहायला हरकत नाही. त्या बाईंचा मला हेवा वाटायचा, आणि हेवा माणसाच्या वस्तूंवरही उतरतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ज्वारीचं संशोधन केंद्र होतं. मी तिथे कनिष्ठ संशोधन सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. आष्ट्यापासून आत आमचं गाव. वडील उसाच्या बैलगाडीवर, आई माळावरच्या दोन एकरांत शाळू करायची. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आष्ट्याच्या शाळेतल्या मास्तरांनी स्वतः फॉर्म भरून दिला म्हणून मी शेतकी कॉलेजात गेलो, नाहीतर मीही गाडीवरच असतो. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यामुळे माझ्यात एक खोड आली होती. मला वाटायचं, एवढ्या कष्टानं मिळवलेली एम.एस्सी. आहे, तर जे काही नवीन सुचायचं ते मलाच सुचलं पाहिजे.

केंद्रात काम होतं ते असं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून शाळूची गावठी वाणं गोळा करायची आणि कुठल्या दाण्यात लोह जास्त आहे ते शोधायचं. बायकापोरांच्या अंगात रक्त कमी, आणि ताटात तिन्ही त्रिकाळ भाकरी. त्या भाकरीतच लोह जास्त असेल तर बरं, असा विचार. विचार चांगला होता, पण वाट लांबची होती. मी दाणा आम्लात उकळायचो, धूर ओढणाऱ्या फ्यूम हूडखाली खोकत उभा राहायचो, दिवसाला जेमतेम दहा-बारा नमुने व्हायचे. त्यांच्या बाटल्या भरून दूरच्या विद्यापीठात जायच्या, कारण मोजायचं यंत्र तिथे. आकडे यायला दोन-दोन महिने लागत. आणि कपाटात शेकड्यांनी पुड्या पडून होत्या.

इंदुमती कांबळे तिथे तंत्रज्ञ म्हणून आल्या त्या वर्षाच्या बोलीवर. प्रकल्प वाढला तर जागा कायम होणार, नाहीतर वर्षानं घरी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मूळच्या तासगावकडच्या. प्रयोगशाळेचा डिप्लोमा केलेला, आणि आधी मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्त-लघवी तपासायच्या. नवरा एस.टी.त कंडक्टर, एक मुलगी. मिरजेतली नोकरी का सोडली विचारल्यावर म्हणाल्या, "तितं पेन्शन न्हाई. हितं मिळंल असं सांगितलंय." एवढंच. पुढे कधी तो विषय काढला नाही, पण केंद्रात प्रत्येकाला ठाऊक होतं की ही जागा कायम व्हावी म्हणून त्या आल्या आहेत.

पहिला महिनाभर त्या माझी भांडी धूत होत्या. काचेचं एक एक चंचुपात्र उन्हाकडे धरून बघायच्या. एके दिवशी मी हूडसमोर उभा असताना म्हणाल्या, "मानेसर, तुमी ह्यात लोखंडच शोधताय न्हवं?"

हो म्हटलं.

"आमी मिरजेत हाडातल्या मगजात शोधायचो. निळं करून."

मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं, की तो मगज होता आणि हा दाणा आहे. नेमके त्या वेळी आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, दारातून चालले होते. ते थांबले. "निळं म्हणजे?" त्यांनी विचारलं. इंदूताईंनी सांगितलं. पिवळ्या खड्यांचा एक क्षार असतो, तो पाण्यात विरघळवायचा, त्यात पातळ आम्ल टाकायचं आणि थेंब सोडायचा. लोखंड असेल तिथे निळं उमटतं. साहेब म्हणाले, "करून बघा."

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ती अभिक्रिया मला येत होती. अकरावीला प्रात्यक्षिकात परीक्षानळीत केली होती, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. वर्षभर मी लोह शोधत होतो आणि ते निळं माझ्या डोक्यात अकरावीच्या वहीतच मिटून पडलं होतं. जे येत नाही ते दुसऱ्याला सुचलं तर माणूस सोसतो. जे आपल्याला येत होतं ते दुसऱ्याला सुचलं की झोंबतं.

दाणा ठेचायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. दोन काचपट्ट्यांच्या धारेत धरून त्या तो उभा चिरायच्या, कोंब पोटात दिसेल असा. लोखंडी ब्लेड लावायचं नाही. मग खळगे असलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या पट्टीत एकेक अर्धुक ठेवून थेंब सोडायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. चांगल्या दाण्याचा कोंब हळूहळू निळा होत जायचा. मी घाईनं वाकलो की म्हणायच्या, "निळं आपसूक येतं. आपण फकस्त आपल्या अंगचं लोखंड आत न्यायचं न्हाई."

साहेबांनासुद्धा त्यांनी दारात अडवलं होतं. पहिली पट्टी बघायला साहेब उत्साहानं आत आले, तर बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवं साहेब, किल्ल्या." साहेबांना कळेना. त्यांच्या हातात स्कूटरच्या किल्ल्या होत्या आणि ते त्या वाजवत होते. साहेबांनी मुकाट्यानं किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, खिडकीत ठेवलं, हात धुतले. केंद्रात दहा वर्षं काढलेल्या लोकांनी साहेबांना कुणाचं ऐकताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या खोलीतून बाईंसाठी चहा मागवला. मी सव्वा वर्ष त्या खोलीत जात होतो. चहा कधी आला नव्हता.

निळ्याच्या त्यांनी चार पायऱ्या केल्या होत्या. काहीच उमटलं नाही तर कोरा. उमटल्यासारखं वाटलं तर धुरकट. स्वच्छ निळा तर आभाळ. आणि गडद, काळपट निळा तर दौत. मी सुचवलं की शून्य, एक, दोन, तीन असं लिहावं, ते शास्त्रीय दिसेल. साहेबांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "राहू दे. दौत म्हटलं की मला दिसतं. तीन म्हटलं की काही दिसत नाही." अर्ध्या दिवसात बाई एवढे नमुने निपटायच्या की मला ते आम्लात उकळायला दोन आठवडे लागले असते. आता यंत्राकडे फक्त आभाळ आणि दौत जाऊ लागले. यंत्राचे आकडे बाईंच्या डोळ्याशी जुळायचे. दर वेळी पाकीट फोडताना मला वाटायचं, या खेपेला नाही जुळायचे. जुळायचेच.

मग मी एक गोष्ट केली. एकाच पुडीतला दाणा तीन निरनिराळ्या क्रमांकांखाली घालून दिला, मधे पंचवीस-तीस नमुन्यांचं अंतर ठेवून. संध्याकाळी वही बघितली. तिन्हींपुढे आभाळ. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: १९, ४७ आणि ७४ एकच वाटतात. मानेसरांना विचारणे.

विषय त्यांनीच काढला. पिन पदराला लावता लावता, माझ्याकडे न बघता. "मिरजेत डॉक्टरबी असंच करायचे, नव्या माणसाला. पयल्या आठवड्यात. तुमी लय उशीर केला, सर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडी मजा होती. मला रागच बरा वाटला असता.

नमुने गोळा करायला आम्ही माण-खटावच्या बाजूला जायचो. एस.टी.नं दहिवडीपर्यंत, पुढे मिळेल ते. घर दिसलं की मी ओट्यावर बसून कर्त्या माणसाशी बोलायचो, वाण कुठलं, पेरा कधी. बाई मागच्या दारानं आत जायच्या. पुढच्या पोत्यातला दाणा त्या घेत नसत, तो बाजाराला काढलेला असतो म्हणायच्या. चुलीजवळच्या डब्यातला मागायच्या. बाहेर येताना त्यांच्या हातात दाण्याची पुडी असायची, आणि शिवाय एखादी शेंगांची ओंजळ, एखादा गुळाचा खडा, आणि घरातल्या सगळ्या बायका दारापर्यंत. माझ्यामागे कुणी दारापर्यंत आलं नाही.

एका गावात मात्र निराळं झालं. ओट्यावर मला पितळी तांब्यात पाणी आलं, मी प्यालो. बाईंसाठी तांब्या भरताना आतल्या म्हातारीनं आधी आडनाव विचारलं. बाईंनी सांगितलं. म्हातारीचा हात तसाच राहिला. बाईंनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "पानी न्हाई, दानं द्या." दाणे मिळाले. परत येताना एस.टी.त मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी त्या घरचं पाणी प्यालो होतो. त्यांनीच विषय बदलला, म्हणाल्या, त्या म्हातारीचा शाळू आभाळ निघणार बघा. निघाला. वहीत त्यांनी म्हातारीचं नाव पूर्ण, नीट अक्षरात लिहिलं.

त्यांच्या वहीत आणखी एक रकाना होता, तो प्रकल्पात नव्हता. घरातली बाई कधी जेवते. कुठल्याही घरात गेल्या की विचारायच्या, "तुमी कवा जेवता?" बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, सगळ्यांचं झाल्यावर. मी एकदा टोकलं, की ह्याचा आपल्या कामाशी संबंध काय. त्या म्हणाल्या, "दान्यात हाय ते कुनाच्या ताटात जातंय, ते नगं बघायला?" मला ते भाबडं वाटलं होतं. तसं मी साहेबांना बोलूनही दाखवलं होतं.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मी घरी गेलो तेव्हा आईकडून तिचं शाळूचं बी मागितलं. आमच्या माळावरचा दगडी शाळू, आजीपासून चालत आलेला. माझ्या मनात होतं, ह्यात काही निघालं तर ते कुणाच्या डोळ्याचं नाही, माझ्या घरचं असेल. मी निघालो त्या सकाळी आईनं धुवट कापडात बांधलेली पुरचुंडी हातात दिली. दाणा मोत्यासारखा स्वच्छ होता.

रविवारी प्रयोगशाळेत कुणी नसताना मी एकटाच बसलो. घड्याळ काढलं, हात धुतले, सगळं बाईंसारखं केलं. फक्त दाणा चिरण्याइतका धीर धरवला नाही. काचेत तो फुटून उडायचा. मग चिनी मातीच्या खलात बारीक करून पिठावरच थेंब सोडला. बघता बघता पीठ काळंनिळं झालं. दौत. आमच्या साऱ्या नमुन्यांत इतकी गडद दौत कुणी पाहिली नव्हती.

सोमवारी मी इंदूताईंना न सांगता थेट साहेबांकडे गेलो. साहेबांनी पट्टी बघितली आणि खुर्चीतून उठले. त्या दिवशी माझा चहा आला. बी थोडं होतं, म्हणून साहेबांनी त्यातलं बरंचसं केंद्राच्या वाफ्यात पेरायला लावलं. नवीन पीक आलं की त्याचा दाणा यंत्राकडे पाठवायचा आणि उन्हाळ्यात साताऱ्याला वरच्या समितीपुढे मांडायचं ठरलं. समितीनं मान डोलावली तर प्रकल्प वाढणार होता. म्हणजे बाईंची जागाही.

बाईंनी माझं अभिनंदन केलं. मनापासून केलं. म्हणाल्या, "आईला सांगा, लय नाव काढलं." मग विचारलं, "चिरून बघितलं व्हय?" मी हो म्हटलं. खोटं बोललो.

माघ सरता वाफ्यातली कणसं आली. यंत्राकडे नमुना रवाना झाला, आणि त्यातलेच पाच-दहा दाणे बाईंनी आपल्या सवयीनं चिरले. दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. माझ्या पुरचुंडीतलं उरलेलं बी मागितलं. मी दिलं. अर्ध्या तासानं त्यांनी मला बोलावलं. पट्टीत दोन ओळी होत्या. एका ओळीत वाफ्यातला दाणा, कोंब आभाळ. चांगला, पण असे आमच्याकडे पुष्कळ होते. दुसऱ्या ओळीत आईचं बी. कोंब तसाच, आभाळ. पण दाण्याच्या सालीवर आणि देठाकडच्या टोकात काळीनिळी रेघ.

"ह्यो रंग दान्याचा न्हाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "वरनं आलाय. वर धुतलंय, पर टोकात ऱ्हायलंय. सर, तुमच्या आई बियाला काव लावतात का?"

मला काही विचारायची गरज नव्हती, तरी रविवारी गावी गेलो. आईनं कौतुकानं सांगितलं. खायचा दाणा साधा ठेवायचा, पण बियाला काव चोळायची, तांबडी, म्हणजे किडा लागत नाही. लहानपणी ती काव चोळताना मीच परात धरून बसायचो. माझे हात लाल व्हायचे. तांबडी माती म्हणजे लोखंडाचा गंज, हे मी पुढे पुस्तकात शिकलो, आणि आमच्या परातीतली काव त्या पुस्तकात मला कधी दिसली नाही. "मग माझ्या पुरचुंडीतलं बी पांढरं कसं?" मी विचारलं. आई म्हणाली, "आरं, साहेब लोकांत न्ह्यायचं म्हनलास. तांबडं बी कसं देऊ? दोन पान्यांत धुवून वाळीवलं की."

सोमवारी बाईंनी काही विचारलं नाही. मी सांगितलं, काव होती. त्या म्हणाल्या, "मग साहेबांस्नी आजच सांगून टाका. काय बिघडत न्हाई. उलट चिरायचं का, ते त्यांनाबी कळंल." मी सांगतो म्हणालो. त्या आठवड्यात नाही सांगितलं. पुढच्याही नाही. चहाचा कप दर सोमवारी येत होता.

साताऱ्याच्या बैठकीला बाहेरून तिघं आले होते. साहेबांनी यंत्राचा अहवाल पाकिटातून तिथेच काढला. आमचा दगडी शाळू साधारण निघाला होता. समितीतले एक वयस्कर गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, निळ्या चाचणीनं ज्याला सगळ्यांत वर बसवलं, त्याचं असं कसं झालं? मग ह्या चाचणीवर भरवसा किती ठेवायचा?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इंदूताई भिंतीजवळ पट्ट्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. पडद्याला पिन नव्हती, तिथे पडदाच नव्हता, ती त्यांच्या पदराला होती, हे मला का आठवतं कोण जाणे. एकच वाक्य पुरलं असतं. बियाला काव होती, मी दाणा न चिरता कुटला, चूक माझी. चाचणी वाचली असती, आणि चाचणीबरोबर त्यांची जागा.

मी म्हणालो, "पद्धतीला मर्यादा आहेत, सर."

ते खोटं नव्हतं. कुठल्याही पद्धतीला मर्यादा असतात. म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं. खरं सांगायचं तर, ते म्हणताना क्षणभर मला बरं वाटलं. इतके महिने जो डोळा चुकत नव्हता, तो एकदाचा चुकला, असं सगळ्यांच्या देखत ठरलं.

बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, त्यावर कापड झाकलं.

वर्ष संपताना पत्र आलं, तंत्रज्ञाची जागा पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या पट्ट्या तीन पाण्यांनी धुतल्या आणि कपाटात पालथ्या घातल्या. वही माझ्या टेबलावर ठेवली. आमच्या शाळूच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: बाहेरून दौत, आतून आभाळ. त्यापुढे आईचं नाव पूर्ण. काव हा शब्द कुठेच नव्हता. ती वही मी साहेबांना दाखवली नाही. आम्लाचा धूर पुन्हा सुरू झाला, बाटल्या पुन्हा विद्यापीठात जाऊ लागल्या. दोन-तीन वर्षांनी मला बढती मिळाली आणि मी साताऱ्याला गेलो.

दशक संपत आलं होतं तेव्हा आईला थकवा येऊ लागला. जिना चढली की धापा टाकायची, नखं पांढरी पडली होती. आष्ट्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुण येईना, म्हणून तिला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हाडातला मगज काढून तपासायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आईला बाकावर बसवून मी अहवाल घ्यायला प्रयोगशाळेच्या खिडकीशी गेलो, आणि आत पडद्यावर पिन दिसली.

इंदूताईंचे केस पुढून पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. कागदावरचं नाव कालच वाचलं होतं त्यांनी. "या मानेसर," म्हणाल्या, आणि मी आत पाऊल टाकणार तोच, "किल्ल्या."

मी किल्ल्या काढल्या. घड्याळ काढलं. हात धुतले.

त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, "निळा ठिपका कुटं दिसतो का बघा."

मी बघितलं. गुलाबी, फिकट गुलाबी. त्या काचपट्टी हळूहळू सरकवत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी खूप वेळ बघत राहिलो. सगळ्या आयुष्यात मला निळं इतकं कधी हवं नव्हतं. कुठेच नव्हतं.

"कोरा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि अहवालावर इंग्रजीत जे लिहायचं ते लिहिलं. लिहिताना म्हणाल्या, "काल त्यास्नी इचारलं मी, कवा जेवता म्हनून." उत्तर त्यांनी सांगितलं नाही. मला ते माहीत होतं. ज्या घरी मी जेवून उठलो होतो त्या घरचं उत्तर होतं ते.

मी विचारलं, त्या दिवशी साताऱ्याला तुम्ही का बोलला नाहीत. बराच वेळ त्या सही करत राहिल्या, छोटीशी सही होती.

"तुमच्या आईचं नाव तुमी घ्यायचं, का मी?" त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "आता ते ऱ्हाऊ द्या. गोळ्या सुरू करा. आन् त्यास्नी आदी वाढा."

बाहेर आल्या त्या पिन न लावताच, पदर एका हातानं धरून. आईच्या शेजारी बाकावर बसल्या. मी औषधाच्या खिडकीशी रांगेत उभा होतो, तिथून दोघी दिसत होत्या. आई काहीतरी सांगत होती, परात धरल्यासारखे हात करून, आणि मग दोन बोटांनी चोळल्यासारखं. काव सांगत असणार. इंदूताई हसल्या, तोंडाला पदर लावून, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईनं त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लहानपणी मी पहिला आलो की आई माझी अशीच दृष्ट काढून बोटं मोडायची. पन्नास पावलांवर उभा राहून, हातात तिच्या औषधाची चिठ्ठी धरून, मला त्या बाईंचा पुन्हा हेवा वाटला.

मी परत येईपर्यंत त्या उठल्या होत्या. आत जाताना त्यांनी पडद्यावरची पिन नीट केली आणि पुढची काचपट्टी उजेडाकडे धरली.

सांगलीच्या एस.टी.त आईला खिडकीची जागा मिळाली. मिरज मागे पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "लय शानी बाई हाय रं ती. अशी तुज्या हापिसात पायजेल हुती."

"होती," मी म्हणालो.